क्रिप्टोवर काम सुरू करतेयस तर

अगं, संशोधनाला क्रिप्टोस्पोरिडियम (आतड्यात राहून जुलाब लावणारा एकपेशीय परजीवी) घेतलंस ते बरं केलंस, पण लगेच पेपरांच्या ढिगात शिरू नकोस. आधी ऊसिस्ट, म्हणजे त्याचं कवचबंद रूप, ओळखायला शीक: ४-५ मायक्रॉनचा, ॲसिड-फास्ट (आम्लानेही न धुतल्या जाणाऱ्या) रंगात लालगुलाबी. मग ३७ अंशांना पित्तक्षार देऊन त्यातून स्पोरोझॉइट, म्हणजे पेशीत घुसणारं रूप, बाहेर पडताना बघ. खरी गंमत पुढेच आहे. आतड्याच्या पेशीला भिडताच तो रॉप्ट्रीतली (त्याच्या टोकाशी असलेल्या पिशवीतली) प्रथिनं थेट तिच्यात सोडतो. त्यातलं आरओपी१ नावाचं प्रथिन पेशीच्याच एलएमओ७ या प्रथिनाला जाऊन धरतं. नंतर परजीवीचं मेडल२ हे आणखी एक प्रथिन पेशीरसात पोचतं. परजीवीची स्वारी मात्र पेशीच्या पडद्याखाली, तरी पेशीरसाबाहेर! पोटभाडेकरूच म्हण. ऊसिस्ट क्लोरीनला दाद देत नाही, सॅनिटायझरलाही नाही. हातमोजे काढलेस की साबणाने हात खसखसून धू, मगच दांडिया बाजारात शेवउसळ खायला चल.