जपून गाडी चालवूनही थर्ड पार्टीचा हप्ता कमी का होत नाही?

प्रश्न : माझी ११९७ सीसीची पेट्रोल मोटार आहे. सोळा वर्षांत माझ्या हातून एकही अपघात झालेला नाही, तरी पॉलिसीवर थर्ड पार्टीपुढे ३,४१६ रुपये कायम असतात. पुण्याच्या गर्दीत रोज गाडी चालवणाऱ्या माझ्या भावालाही तेवढेच पडतात. ९९८ सीसीची गाडी असलेल्या शेजाऱ्याला मात्र २,०९४. असे का? – एक वाचक, वाई

उत्तर : आपल्या पॉलिसीत दोन वेगळे विमे एकाच कागदावर छापलेले असतात. त्यांतला एक आपल्या गाडीच्या नुकसानीचा. त्याचा दर २००७ पासून कंपन्या स्वतः ठरवतात आणि त्यात गाडीची आजची किंमत म्हणजे आयडीव्ही, मॉडेल, वय, नोंदणीचे ठिकाण हे सगळे येते. नो क्लेम बोनस, म्हणजे वर्षभरात भरपाईचा दावा न केल्याबद्दलची सूटही तिथेच मिळते. ती २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत चढते. आपल्या सोळा वर्षांच्या सावधपणाची दखल घेतली जाते ती एवढ्याच भागात.

दुसरा विमा थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या जिवाला किंवा मालमत्तेला झालेल्या हानीची भरपाई देणारा. हा भाग मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नुसार सक्तीचा आहे. त्याचे दर केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालय विमा नियामक इर्डाईशी विचारविनिमय करून जाहीर करते. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकात खासगी मोटारींचे इंजिनच्या क्षमतेवरून तीनच गट आहेत : १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १५०० पर्यंत ३,४१६ आणि त्यापुढे ७,८९७, वर जीएसटी वेगळा. गाव, चालकाचे वय, त्याने भरलेले दंड यांपैकी काहीही या हिशेबात धरले जात नाही.

हा पैसा कुठे जातो, ते एका उदाहरणावरून पाहू. छोटे दुकान चालवणारा, महिना २०,००० रुपये मिळवणारा ३४ वर्षांचा माणूस मोटारीच्या धडकेत दगावला आणि त्याच्यामागे पत्नी, दोन मुले व आई असे चौघे राहिले, असे समजा. सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या सरला वर्मा आणि २०१७ च्या प्रणय सेठी खटल्यांत जी पद्धत घालून दिली, तिच्याप्रमाणे मोटार अपघात दावा न्यायाधिकरण त्याच्या उत्पन्नात पुढच्या वाढीपोटी ४० टक्के मिळवते, म्हणजे २८,००० होतात. त्यातून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा जाऊन २१,००० उरतात, वर्षाचे २,५२,००० होतात, आणि त्याच्या वयासाठी ठरलेल्या १६ या गुणकाने गुणल्यावर भरपाई येते ४०,३२,००० रुपये. अंत्यविधी, कुटुंबाचा आधार गमावणे यांपोटीच्या ठरावीक रकमा आणि व्याज त्यावर आणखी. मृत्यू आणि जखमींच्या बाबतीत विमा कंपनीच्या जबाबदारीला कमाल मर्यादा नाही. ती फक्त मालमत्तेच्या नुकसानीला, साडेसात लाखांची आहे.

या हिशेबात मिळकत हाच पाया आहे, हे ध्यानात घ्यावे. लोकांची कमाई वाढते तसा अपघातांचा आकडा न वाढताही भरपाईचा बोजा वाढतो, आणि आपल्याकडे अपघातही कमी नाहीत : २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे गेली. दुसरीकडे दर फार चढवला, तर विमा न काढताच गाडी चालवणारे वाढतात, आणि त्यांच्या धडकेने उघड्यावर पडलेल्या कुटुंबाला ज्याच्याकडे द्यायला काही नाही अशा मालकाच्या मागे वर्षानुवर्षे फिरावे लागते. म्हणून सरकार दर दाबून धरते. लहान मोटारीचा २०१९ मधील २,०७२ रुपयांचा दर २०२२ मध्ये अवघ्या २२ रुपयांनी वाढला.

तरीही आपली तक्रार मला रास्त वाटते. धोका चालकाच्या सवयींत, रस्त्यात आणि रात्रीच्या प्रवासात असतो. सीसी हे त्याचे अगदीच ढोबळ माप आहे. वारंवार सिग्नल तोडणाऱ्याने आपल्यापेक्षा जास्त हप्ता भरावा, असे माझे स्पष्ट मत आहे. गावावरून दर ठरवायला मात्र माझा विरोध राहील, कारण मग महामार्गालगतच्या गावकऱ्यांना दुसऱ्यांच्या भरधाव गाड्यांचा भुर्दंड बसेल.

प्रश्न : वडिलांची जुनी मोटार महिन्यातून दोनदाच बाहेर निघते. हप्त्यात सूट मिळेल का? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : थर्ड पार्टीत नाही, तिथे किलोमीटर मोजत नाहीत. गाडीच्या नुकसानीच्या भागात मात्र वापरावर आधारित हप्त्याला इर्डाईने जुलै २०२२ मध्ये परवानगी दिली आहे, त्याबद्दल कंपनीकडे विचारावे. गाडीची किंमत फारच उतरली असेल, तर केवळ थर्ड पार्टी घेणेही कायद्याला पुरते; पण मग गाडीच्या दुरुस्तीचा खर्च खिशातून करावा लागेल. आता दोन्ही भाग चालू असतील, तर मुदत संपल्यापासून ९० दिवसांच्या आत नूतनीकरण करा, नाहीतर वडिलांनी साठवलेला नो क्लेम बोनस जाईल. आणि मधल्या काळात विनाविमा गाडी पेट्रोल भरायलासुद्धा बाहेर काढू नका.