अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या 'ग्रेक' केंद्रांत वेगळं काय होतं?

तुमचा प्रश्न असा, की अमेरिकेत माजी सैनिकांसाठी 'ग्रेक' नावाची वृद्धसेवा केंद्रं आहेत, तिथे साध्या इस्पितळापेक्षा वेगळं काय मिळतं? मी फिजिओथेरपिस्ट आहे, माझे बहुतेक पेशंट पंचाहत्तरीच्या पुढचे असतात, म्हणून या केंद्रांचं काम मी आस्थेने वाचत आले आहे.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात सुमारे 1 कोटी 60 लाख माणसं होती. ती सगळी थोड्याफार फरकाने एकदमच म्हातारी होणार, हे तिथल्या सरकारने वेळीच ओळखलं. वृद्धांचे तज्ज्ञ डॉक्टर तेव्हा फारच थोडे. म्हणून 1970 च्या दशकाच्या मध्यापासून माजी सैनिकांच्या निवडक इस्पितळांत ही केंद्रं उभी राहिली. संशोधन, शिक्षण आणि उपचार, तिन्ही एकाच ठिकाणी.

याचा उपयोग काय झाला, हे कळायला लॉस एंजेलिसमधल्या सेपुल्वेदा या माजी सैनिकांच्या इस्पितळातल्या ग्रेक केंद्राचा प्रयोग बघा. तिथले डॉक्टर लॉरेन्स रुबेन्स्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 123 थकलेल्या वृद्ध रुग्णांची दोन गटांत विभागणी केली, कोण कुठे जाणार हे नशिबावर सोडून. एका गटाला नेहमीचे उपचार दिले. दुसऱ्याला खास वृद्ध विभागात ठेवलं. तिथे डॉक्टर, नर्स, समाजसेवक अशा सगळ्यांनी मिळून एकेका माणसाची चाल, स्मरणशक्ती, मनःस्थिती, चालू औषधं आणि घरची परिस्थिती तपासली. वर्षभरात नेहमीच्या गटातले 48.3 टक्के रुग्ण दगावले, खास विभागातले 23.8 टक्के. हे 1984 साली प्रसिद्ध झालं. कुठलंही नवं औषध नव्हतं हो यात! माणूस नीट, पूर्ण बघितला, एवढंच. मला आजही हे आकडे वाचून भरून येतं.

विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसन शहराच्या ग्रेक केंद्राने पुढे आणखी एक साधी गोष्ट केली. घरी गेलेल्या रुग्णाला नर्स फोन करते, गोळ्या कोणत्या घेताय, त्रास वाढला तर काय कराल, हे विचारते. लांब खेड्यात राहणाऱ्यांना याचा फार आधार.

तुमच्या घरी कोणी वयस्कर असेल, तर पुढच्या भेटीला सगळी औषधं, आयुर्वेदिकसुद्धा, पिशवीत भरून डॉक्टरांसमोर ठेवा. आणि गेल्या वर्षात ते कधी पडले असतील तर डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता सांगा.