सीसीतून गेलेला विम्याचा हप्ता आणि बँकेची जबाबदारी

प्रश्न थोडक्यात असा: सांगली मार्केट यार्डात हळदीचा व्यापार, मालकी एकट्याची, ६० लाखांची सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे मालाच्या तारणावर धंद्यासाठी लागेल तसं उचलायचं कर्ज). रिन्युअलच्या वेळी शाखेतून ‘ही पॉलिसी घ्या, फाइल लगेच सुटेल’ असं सांगितलं आणि ५ लाखांचा एकरकमी हप्ता सीसी खात्यातून वळता झाला. या सल्ल्याला बँक बांधील आहे का?

पॉलिसी हातात पडून ३० दिवस झाले नसतील तर बाकी सगळं बाजूला ठेवा आणि आजच विमा कंपनीकडे फ्री लुकमध्ये (नको असलेली पॉलिसी सुरुवातीच्या मुदतीत परत करण्याची सोय) रद्द करण्याचा अर्ज द्या. मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणी वगैरे वजा होऊन पैसे परत येतात.

मुदत उलटली असेल तर भांडण कशाचं ते आधी नीट ठरवा. कर्ज देताना बँक सावकार असते. तुमचा धंदा ती स्वतःच्या वसुलीसाठी तपासते, तो अंदाज चुकला म्हणून सहसा भरपाई मिळत नाही. विमा विकताना मात्र ती विमा कंपनीची एजंट असते, कमिशन घेते. ग्राहकाच्या गरजेला आणि ऐपतीला साजेसंच उत्पादन द्यावं, हे रिझर्व्ह बँकेच्या २०१४ च्या ग्राहक हक्क सनदेत आहे. कर्जाला विमा जोडण्याची सक्तीही चालत नाही.

आता आकडे मांडा. समजा वखारीत ८० लाखांची हळद आहे, त्यातल्या १२ लाखांच्या मालाचे पैसे द्यायचे आहेत. उरले ६८ लाख. २५ टक्के मार्जिन (मालातला तुमचा स्वतःचा वाटा, ज्यावर बँक कर्ज देत नाही) गेलं की ड्रॉइंग पॉवर, म्हणजे त्या वेळी उचलता येणारी रक्कम, ५१ लाख. लिमिट ६० ची असली तरी वापरता येतात एवढेच, आणि त्यातले ५ लाख पॉलिसीत अडकले. साडेदहा टक्क्यांनी वर्षाचं व्याज ५२,५०० रुपये, तेही ऐन आवकेच्या हंगामात सौद्याला पैसा कमी पडत असताना. शिवाय खेळतं भांडवल दुसरीकडे वळवू नये ही अट सँक्शन लेटरमध्ये बहुधा असतेच. तक्रारीत ते कलम जसंच्या तसं उतरवा, बँकेला याचं उत्तर देणं जड जातं.

विमा कंपनीकडून प्रपोजल फॉर्मची प्रत मागवा. त्यात उत्पन्नाचा आकडा फुगवलेला सापडू शकतो आणि विकणाऱ्याचा कोडही मिळतो. पॉलिसीआधी खातरजमेचा फोन आला असेल आणि ‘कर्जाशी संबंध नाही ना?’ याला तुम्ही ‘नाही’ म्हणाला असाल तर ते रेकॉर्डिंग तुमच्याविरुद्ध येणार. म्हणून रिन्युअल आणि डेबिट यांच्या तारखा शेजारी शेजारी मांडा, व्हॉट्सॲपवरचे निरोप जोडा.

आधी बँकेकडे लेखी तक्रार, पोच घेऊनच. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, फी नाही. तिथे ‘लिमिट कमी दिली’ असं लिहू नका, व्यावसायिक निर्णय म्हणून तक्रार बाद होईल. मुद्दा फक्त विक्रीचा ठेवा.

‘सीसीवाल्याला ग्राहक आयोग नाही’ असं वकील सांगतील. धंद्याच्या ओव्हरड्राफ्टबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये एका शेअर दलालाच्या प्रकरणात तसंच म्हटलंय. फक्त पोटापाण्यासाठीच्या स्वयंरोजगाराला कायद्यात सूट आहे. पण तुमची तक्रार सीसीची नाही, स्वतःच्या नावावरच्या पॉलिसीची आहे. ती तशीच मांडून सांगलीच्या जिल्हा आयोगात, कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत दाखल करा.