मुलीला सांगलीत मेकॅनिकल इंजिनिअरिंगला प्रवेश मिळालाय. सव्वा लाखाचा नवा प्रीमियम लॅपटॉप घ्यावा का?
नाही, पहिल्या वर्षाला तरी नको. विश्रामबागला लॅपटॉप दुरुस्ती करतो, त्यावरून सांगतो: जादा पैसे मुख्यतः पातळ बॉडी, उजळ स्क्रीन आणि बॅटरीचे असतात. कोडिंग, एक्सेल, ऑटोकॅडचा (ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर) सराव १६ जीबी रॅम आणि ५१२ जीबी एसएसडीच्या मध्यम मशीनवर आरामात होतो. उलट पातळ मॉडेलमध्ये रॅम बऱ्याचदा बोर्डावरच सोल्डर केलेली असते, नंतर वाढवता येत नाही. (दुकानात हे विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.) मॅकबुक तर बघूच नका, सॉलिडवर्क्स हे मेकॅनिकलचं थ्रीडी डिझाइनचं सॉफ्टवेअर मॅकओएसवर थेट चालत नाही. पुढे थ्रीडी रेंडरिंग किंवा सिम्युलेशन रोजचंच झालं, तर मात्र वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेल्या मशीनला जादा पैसे मोजायला हरकत नाही.