मल्टीसाठी (बहुमजली इमारतीसाठी) फ्लश व्हॉल्व्ह घेताय? आधी टाकी बघा

अहो, कमिटीत नवे आलात आणि पहिलंच काम फ्लश व्हॉल्व्ह निवडायचं मिळालं, घाबरू नका. कॅटलॉग मात्र आत्ताच उघडू नका. आधी गच्चीवर जाऊन पाण्याची टाकी बघा.

फ्लश व्हॉल्व्ह थेट पाइपातलं पाणी संडासात सोडतो, म्हणून तो पाण्याच्या दाबावर चालतो. 10 मीटर उंचीला साधारण 1 बार दाब मिळतो. म्हणजे टाकी वरच्या मजल्याच्या संडासाच्या भांड्यापेक्षा जेमतेम 3 मीटर उंच असेल, तर तिथे 0.3 बारच. खालच्या मजल्यावर धो धो आणि वर नुसती धार, ही तक्रार इथूनच येते. वरच्या दोन मजल्यांना सरळ सिस्टर्न (भांड्यामागची छोटी फ्लशची टाकी) लावा, 3 आणि 6 लिटरचा ड्युअल फ्लश, म्हणजे कमी-जास्त पाण्याची दोन बटणं असलेला. सगळीकडे एकच मॉडेल हवं हा हट्ट कशाला?

बाकी एवढं सांभाळा:
- व्हॉल्व्ह 32 किंवा 40 एमएमचा आणि मागे अर्धा इंची पाइप, असं करू नका. प्लंबर हमखास करतात.
- आतला वायसर-सील इंदुरातच सुटा मिळतो का, हे पैसे देण्याआधी विचारा. नर्मदेच्या पाण्याबरोबर बोअरिंगचंही वापरत असाल तर क्षार धरणारच.
- प्रत्येक व्हॉल्व्हला स्वतंत्र बंद करायची सोय हवी. आमच्याकडे नव्हती, एका गळतीपायी अख्खी लाइन दिवसभर बंद, आणि शिव्या मला!

आधी एकाच फ्लॅटमध्ये बसवून महिनाभर बघा, मगच बाकीची ऑर्डर द्या. प्रेशर पंपाचं नंतर बोलू.