शिकलेल्या बाईची सहल आणि विणकराची वारी

सोलापूरच्या एका निवृत्त शिक्षिका लिहितात: “मी एम.ए., बी.एड. आहे. यजमान सातवीपर्यंत शिकले आणि जन्मभर यंत्रमागावर राबले. मला हंपी, अजिंठा पाहायचे आहे. त्यांना मात्र पंढरपूर, अक्कलकोट नाहीतर बहिणीचे गाव हवे असते. विजापूरला नेले, तर गोलघुमटाच्या सावलीत नुसते बसून राहिले. या वयात आमचे जुळायचे कसे?”

ताई, आपण जिला आवड म्हणतो, ती बरीचशी शिक्षणाने घडलेली असते. १६५६ साली पूर्ण झालेल्या त्या घुमटासमोर तुम्ही उभ्या राहता तेव्हा वर्षानुवर्षे वर्गात शिकवलेली आदिलशाही तुमच्या मनात जागी असते आणि पुस्तकातले प्रत्यक्ष पाहिल्याचा आनंद तुम्हाला मिळतो. ज्यांची शाळा सातवीतच सुटली, त्यांच्याशी त्या भिंतींनी आपणहून बोलावे, ही अपेक्षा रास्त नाही. पाळ्यांमध्ये आयुष्य गेलेल्या माणसासाठी प्रवास म्हणजे विसावा, देवदर्शन आणि नात्यागोत्यातल्या माणसांची भेट. पर्यटनाचे अभ्यासकही नवे जाणून घेण्याच्या ओढीइतकेच विश्रांतीला आणि नात्यांच्या ओढीला प्रवासाच्या प्रेरणांमध्ये स्थान देतात. यजमानांचा प्रवास कमी प्रतीचा आहे, असा जो सूर तुमच्या पत्रात जाणवतो, तो मला मुळीच पटत नाही.

प्रथम दोघे मिळून दक्षिण सोलापूर तालुक्यातील हत्तरसंग कुडलला जा. भीमा-सीनेच्या संगमावरील त्या मंदिरांमध्ये त्यांना दर्शन घडेल, आणि तुम्हाला तुळईवरील शके ९४० चा, म्हणजे इ.स. १०१८ चा, मराठी शिलालेख पाहता येईल. तो काय आहे, हे त्यांना सांगा. मात्र विद्यार्थ्याला सांगतात तसे नको.

अजिंठ्यालाही त्यांना अवश्य न्या. तिथल्या चित्रांमधील माणसांच्या अंगावर पट्ट्यापट्ट्यांची, नक्षीची वस्त्रे आहेत. ती कशी विणली असतील, ताणा कोणता आणि बाणा कोणता असेल, हे त्यांना विचारा, कारण तिथे जाणकार तुम्ही नसून ते असतील.

हंपीला मात्र त्यांना ओढून नेऊ नका. शाळेतल्या जुन्या सहकारी मैत्रिणींसोबत जा, आणि त्याच दिवसांत त्यांना निवांतपणे बहिणीकडे राहू द्या. महाराष्ट्राच्या हद्दीत एसटीत महिलांना आणि पासष्ट ते पंचाहत्तर वयाच्या ज्येष्ठांना निम्मेच भाडे पडते, त्यामुळे दोन वेगळ्या वाटांचा खर्चही जड जाणार नाही.