'शब्बाथ' म्हणजे सुट्टी का? आणि 'मान्ना' म्हणजे आयतं का?

एक ताई लहान मुलांसाठी बायबलच्या निर्गम पुस्तकातली मान्नाची गोष्ट सोप्या मराठीत लिहितायत, त्या दोन शब्दांवर अडल्यात: शब्बाथ, म्हणजे यहुद्यांचा काम बंद ठेवायचा आठवड्याचा सातवा दिवस, आणि मान्ना, म्हणजे त्या गोष्टीत देवाने रानात दिलेलं अन्न. 'शब्बाथ'ला सरळ 'सुट्टी' म्हटलं तर चालेल का, आणि 'मान्ना'ला 'आयतं मिळालेलं अन्न' म्हटलं तर? शिवाय शब्बाथ शनिवारी असतो तर त्याचा 'शनि'शी काही संबंध आहे का, असंही त्यांनी विचारलंय.

शेवटचं आधी उरकते. शनीशी काही संबंध नाही, शनि आपला संस्कृतातला, शब्बाथ हिब्रूतला. काहीजण त्याचा संबंध हिब्रूतल्या 'शेवा' म्हणजे सात याच्याशी जोडतात, पण त्या दोन शब्दांचं शेवटचं अक्षरच वेगळं आहे, मराठीत लिहिताना ते कळत नाही एवढंच.

आता मुख्य मुद्दा. शब्बाथचा धातू श-ब-त, आणि त्याचा अर्थ थांबणं, बंद होणं. विश्रांती नव्हे. विश्रांतीला हिब्रूत वेगळा धातू आहे, 'नुआख', विसावणं. बायबलच्या उत्पत्ती पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात देवाने सातव्या दिवशी काम थांबवलं म्हटलंय तिथे श-ब-त आहे, आणि दहा आज्ञांमध्ये निर्गम २० ला तीच गोष्ट परत सांगताना 'नुआख' वापरलाय, आणि मराठीत दोन्हीकडे 'विसावा' लिहिलं की हा फरक गुडुप होतो. नोहाच्या गोष्टीत देव म्हणतो की पेरणी-कापणी, थंडी-ऊन, दिवस-रात्र 'थांबणार नाहीत', तिथेही हाच श-ब-त. दिवस-रात्र काही विश्रांती घेत नाहीत ना. आजच्या इस्रायलमध्ये कामगार संप करतात त्या संपाला 'श्विता' म्हणतात, तोही याच धातूतून आलाय.

आणि मला सगळ्यात जास्त भिडतं ते निर्गम ५:५, म्हणजे पाचव्या अध्यायातली पाचवी ओळ. इस्राएली लोक मिसरमध्ये, म्हणजे इजिप्तमध्ये, गुलाम आहेत, आणि त्यांचे पुढारी मोशे आणि अहरोन त्यांना वाळवंटात सणासाठी जाऊ द्या म्हणून मागायला जातात तेव्हा तिथला राजा फारो चिडून म्हणतो, तुम्ही यांचं काम थांबवताय. तिथे हाच धातू आहे! आणि त्याच दिवशी हुकूम सुटतो की आता विटांसाठी पेंढा मिळणार नाही, पेंढा तुमचा तुम्ही गोळा करा पण विटांची संख्या आहे तेवढीच पाहिजे. म्हणजे गुलामाने थांबणं हाच गुन्हा होता. मान्नाची गोष्ट यानंतर अकरा अध्यायांनी येते, ती वाचताना हे डोक्यात ठेवायला हवं.

मिसर सोडून महिना झालाय, एलिम आणि सीनायच्या मधल्या रानात लोक कुरकुर करतायत की तिथे निदान मांसाच्या हंड्यांपाशी बसून पोटभर खायला तरी मिळत होतं. संध्याकाळी लावे पक्षी येतात आणि सकाळी दव उडाल्यावर जमिनीवर बारीक बारीक काहीतरी पडलेलं दिसतं. लोक एकमेकांना विचारतात 'मान हू?', म्हणजे 'हे काय?', कारण ते काय आहे ते त्यांना माहीतच नव्हतं. तेच नाव पडलं, मान. ग्रीकमधून फिरून आपल्याकडे आलं तोवर त्याचं मान्ना झालं. गंमत म्हणजे हिब्रूत 'काय'ला एरवी 'मा' म्हणतात आणि त्याच ओळीत पुढे तो 'मा' आहेसुद्धा, त्यामुळे हा 'मान' कुठला यावर अभ्यासकांचा खल चालत आलाय. पण गोष्ट सांगणाऱ्याला काय ऐकवायचंय ते स्पष्ट आहे. मुलांना सांगताना हे नक्की सांगा, त्यांना फार आवडतं, कारण नाव माहीत नसलेल्या वस्तूला आपणही 'ते हे' म्हणतोच की.

मान्ना धण्यासारखा होता असं लिहिलंय, पांढरा, आणि चव मध घातलेल्या पापुद्र्यासारखी. आत्ता हे लिहिताना डब्यातून धणे काढून तळहातावर घेतले. चिमूटभर धणे जमिनीवर सांडले तर वेचायला किती वेळ लागतो ते करून बघा, आणि मग माणशी एक ओमर वेचायचं म्हणजे काय ते कळेल. ओमर म्हणजे एफा या जुन्या मापाचा दहावा भाग, आजच्या हिशोबात साधारण दोन लिटरच्या आसपास. तेही ऊन चढायच्या आत, कारण उन्हाने ते वितळून जायचं. बायबलच्याच गणना पुस्तकात तर पुढचंही दिलंय, लोक ते जात्यावर दळायचे किंवा उखळात कुटायचे, भांड्यात शिजवायचे, त्याच्या भाकरी करायचे. ताई, हे आयतं कसं? 'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी' ती ही गोष्ट नाही. देव आभाळातून देतो, पण वाकून वेचावं आपल्यालाच लागतं. आणि वेचणं हाच शब्द तिथे आहे, 'लाकात'. बायबलमधल्याच रूथच्या गोष्टीत ती बवाजाच्या शेतात कापणी करणाऱ्यांच्या मागून सरवा वेचते तिथेही हाच धातू. तेव्हा 'गोळा केला' असं न लिहिता 'वेचला' लिहा, आपल्याकडे इतका नेमका शब्द असताना सोडू नका.

आता सहावा दिवस. रोज जास्तीचं ठेवलं तर सकाळी किडे पडून वास मारायचा, पण सहाव्या दिवशी दुप्पट निघालं, माणशी दोन ओमर, आणि ते ठेवलं तर सडलं नाही. लोकांचे पुढारी हे मोशेला सांगायला येतात आणि तो म्हणतो, उद्या शब्बाथ आहे, भाजायचं ते भाजा, उकडायचं ते उकडा, उरलेलं सकाळपर्यंत ठेवा. 'शब्बाथ' हे नाम बायबलमध्ये पहिल्यांदा इथे येतं, निर्गम १६:२३ ला. उत्पत्तीत नुसतं क्रियापद होतं. म्हणजे सीनाय डोंगरावरच्या त्या दहा आज्ञा मिळायच्या आधी, आज्ञा म्हणून नव्हे तर जेवणाच्या हिशोबात हा शब्द लोकांना पहिल्यांदा भेटतो. ज्यांना थांबलं की फटके मिळायचे त्यांना आधी दोन दिवसांचं अन्न हातात दिलं आणि मग थांबा म्हटलं. तरी काहीजण सातव्या दिवशी वेचायला गेलेच, आणि काही मिळालं नाही.

म्हणून मला 'सुट्टी' पटत नाही. सुट्टी म्हणजे सुटका, ऑफिस सुटलं, शाळा सुटली. मराठीत काम थांबण्याचा खरा रोजच्या वापरातला शब्द 'खाडा' आहे, पण खाडा झाला की रोज कापला जातो, हातावर पोट असणाऱ्याला खाडा परवडत नाही. शब्बाथ म्हणजे भरपगारी खाडा, आणि पगार आदल्या दिवशीच हातात! शुक्रवारी संध्याकाळी यहुदी घरांमध्ये टेबलावर दोन पाव झाकून ठेवतात ते त्याच दुप्पट वाट्याची आठवण म्हणून.

आपल्या कोकणातलंही एक सांगायलाच हवं. रायगडकडचे बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे यहुदी, पिढ्यानपिढ्या तेलाचा धंदा करायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून शेजारच्या लोकांनी त्यांना नाव दिलं 'शनवार तेली'. सोमवारी घाणा बंद ठेवणारे हिंदू तेली ते सोमवार तेली. बघा, एका अख्ख्या समाजाचं नाव ते काय करतात यावरून अर्धं आणि कुठल्या वारी थांबतात यावरून अर्धं. त्या शेजाऱ्यांनी हिब्रूचं एक अक्षर न वाचता श-ब-तचा अर्थ बरोबर पकडला होता असं मला मनापासून वाटतं. आणि त्या दिवशी घाण्याचा बैलही सुटायचा. आपण दिवसरात्र राबणाऱ्या माणसाला घाण्याचा बैल म्हणतो, आणि बायबलच्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात ५:१४ ला शब्बाथच्या आज्ञेत बैलाचा नाव घेऊन उल्लेख आहे, मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव, परका, कोणीच काम करायचं नाही.

निर्गमातच आणखी एक क्रियापद आहे जे मराठीत फार छान उतरतं. २३:१२ ला म्हटलंय की दासीच्या मुलाला आणि परक्याला 'यिन्नाफेश', आणि ३१:१७ ला देवाबद्दल, सातव्या दिवशी तो थांबला 'वय्यिन्नाफाश'. मूळ शब्द नेफेश, म्हणजे जीव, श्वास. आपण म्हणतो ना, दम घेतला, जिवात जीव आला, तेच. दासीच्या पोराला आणि देवाला एकच क्रियापद.

तर ताई, मुलांसाठी 'शब्बाथ' शब्द तसाच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे 'काम थांबवून दम घ्यायचा दिवस' असं जोडा. मान्नाला 'आयतं' नको, 'रोजच्या रोज वेचायचं अन्न' लिहा. आणि गोष्टीचा शेवट करताना यहोशवाच्या पुस्तकातलं ५:१२ घ्या, लोक कनान देशात पोचून तिथल्या जमिनीचं धान्य खातात आणि दुसऱ्या दिवसापासून मान्ना बंद होतो. 'बंद झाला'ला तिथे क्रियापद श-ब-तचंच आहे, तेव्हा तुम्हीही 'संपला' लिहू नका, 'थांबला' लिहा.